माग

अ‍ॅक्रिंग्टनच्या चर्च हॉलमध्ये, मंगळवारी संध्याकाळी,
बॅडमिंटनच्या पुसट रेघांवर आम्ही वॉल्ट्झ शिकतो.
आम्ही म्हणजे मी.
हिचा गुडघा जानेवारीत नवा बसवलाय.
ही रेडिएटरजवळच्या खुर्चीत, मांडीवर माझा कोट.
नाव मात्र दोघांचं घातलं होतं, तेही हिनंच.

माझ्या वाट्याला आली बेरिल.
वय एक्याऐंशी, पंजे सुताराचे.
"मला फक्त पुढचं येतं," तिनं आधीच सांगून टाकलं.
गिरणीच्या दिवसांत नाचायला बायाच जास्त;
ही उंच, म्हणून पुरुषाची जागा हिची.
बहिणीला नाचवलं बावीस वर्षं.
बहीण गेली, परवाच्या नाताळात.
"तेव्हा मिस्टर खोत, तुम्हाला मागे जावं लागेल."

मागे!
मी इचलकरंजीचा, मागाचा फिटर.
एकोणऐंशी साली आलो तेव्हा
इथले माग भंगारात निघत होते,
ते सोडवून पेट्यांत भरायचं काम.
आयुष्यभर माग धरला,
मागे कसा तो गेलो नाही.

तिचा डावा पाय पुढे, माझा उजवा मागे.
पाठीला डोळे नाहीत,
पाठीमागे भिंत आहे, टेबल आहे, चहाची उकळती टाकी आहे,
आणि भरवसा ठेवायचा तो
जिला आपण तीन मंगळवारांपासून ओळखतो तिच्यावर.
पहिल्या दिवशी मी चार वेळा वळून बघितलं.
"बघू नका," बेरिल म्हणाली, "बघायचं काम माझं."
दुसऱ्या मंगळवारी तिच्या आधीच पाऊल टाकलं,
म्हणजे मनानं पुढेच होतो,
फक्त तोंड उलटं.

हॅलवर्थ मास्तर येऊन आमच्या दंडांमध्ये बोट फिरवून गेले:
सैल. फार सैल. आता फार कडक.
ही भाषा मला कळली.
उभ्या धाग्याला किती ताण द्यायचा
ते कुठल्या पुस्तकात नसतं.
ढिला पडला तर धोटा अडतो, ओढला तर तुटतो;
मधे एक जागा असते, बोटाला लागते,
तिथे धागा जरासा गातो.
मी बेरिलच्या दंडावर हात ठेवला
आणि त्या जागेची वाट बघितली.

मग ती ढकलत नाहीये, हे लक्षात आलं.
ती आधी विचारते.
पाऊल उचलायच्या जरा अगोदर
तिच्या श्वासात एक प्रश्न येतो,
आणि मी वजन सोडेपर्यंत ती थांबते.
ढकललं की बहीण रुसायची, म्हणाली. तीन-तीन दिवस.

मी खुर्चीकडे बघितलं.
छप्पन वर्षं. हाटात, स्टेशनवर, इथल्या उंच-सखल फुटपाथवर
मी पुढे, ही चार पावलं मागे, हातात पिशवी.
"अहो, जरा दमानं."
माझा वेग काही कमी व्हायचा नाही.
एकदा ब्लॅकबर्नच्या बाजारात वळून बघितलं तर ही नव्हतीच.
अर्ध्या तासानं सापडली, एका बाकावर,
सोललेलं संत्रं खात, निवांत.
"तुम्हाला कळायला किती वेळ लागतो ते बघत होते," म्हणाली.

साडेआठला हॉल बंद होतो.
बाहेरच्या उतारावर बर्फाचा पातळ पापुद्रा,
हिच्या एका हातात काठी, दुसरा कठड्यावर, आणि कठडा मधेच संपलेला.
मी हिच्या पुढे गेलो.
मग वळलो, तोंड हिच्याकडे,
काठी काखेत घेतली, दोन्ही हात धरले,
आणि उजवा पाय मागे टाकला.

"हे काय चाललंय?"
"तू बघ," म्हटलं, "मला दिसत नाही."

खाली बस इंजिन सुरू ठेवून उभी होती.
बेरिल तिच्या पायरीवर एक पाय ठेवून
ड्रायव्हरला थांबवून धरलेली.
ही जरा वेळ काही बोलली नाही.
मग तिच्या तळव्यातून एक हलका रेटा आला.
"डावीकडे घ्या," म्हणाली,
"माझ्या नव्हे, तुमच्या."